पौष्टिक खाणं टेबलावर तसंच का उरतं? घरच्या समारंभासाठी खाणं आणि मांडणी

प्रश्न असा आहे: घरी संध्याकाळचा छोटा समारंभ आहे. वीसेक माणसं येणार, त्यांत चार लहान मुलं आणि मधुमेह असलेले दोघं. गेल्या वेळी हौसेनं पौष्टिक खाणं ठेवलं होतं. तळलेलं अर्ध्या तासात संपलं आणि कापलेल्या भाज्या, फळं, दह्याचं डिप जवळजवळ तसंच राहिलं. टेबल सजवायला बरंच सामान आणलं होतं, पण ते मांडल्यावर ताटल्या ठेवायला जागा उरली नाही. या वेळी काय वेगळं करावं?

मी बावीस वर्षं लोकांच्या घरच्या समारंभांचं खाणं करते आणि टेबलंही मांडते. तुमच्या या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे असं मला वाटतं, म्हणून आधी त्याबद्दल सांगते.

कुठल्याही घरी खाणं लावून झालं की मी दहा मिनिटं स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि पाहुण्यांचे हात बघते. एका हातात पेला असतो. डोळे समोरच्या माणसाकडे असतात, तोंड बोलण्यात गुंतलेलं असतं. दुसरा हात टेबलाकडे जातो तो जवळजवळ न बघताच. जे एका उचलीत येतं, ठिबकत नाही, एका घासात तोंडात मावतं, ते घेऊन परत येतो. तळलेला पदार्थ या परीक्षेत नेहमी पहिला येतो. तो कोरडा असतो, आटोपशीर असतो, खारट आणि कुरकुरीत असतो. सॅलडसाठी मात्र पेला कुठेतरी टेकवायचा, ताटली घ्यायची, चमचा शोधायचा, वाढून घ्यायचं. एवढा खटाटोप गप्पांच्या मध्ये कोणी करत नाही. पाहुण्यांना पौष्टिक नकोच असतं, हा निष्कर्ष मला कधीच पटलेला नाही. तेच गाजर, तेच दही नीट केलं आणि हाताशी ठेवलं की मी ते तळणीच्या आधी संपताना बघितलं आहे.

तेव्हा प्रत्येक पदार्थाला आणि सजावटीच्या प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: एका हातात पेला धरलेल्या माणसाला याची मदत होते की अडचण?

आता भाज्यांकडे येऊ. कापलेल्या भाज्यांची ताटं उरतात त्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे त्या सकाळी कापलेल्या असतात. गाजराच्या काड्या दुपारपर्यंत उघड्या राहिल्या की वरचा थर सुकतो, पांढुरका दिसायला लागतो आणि चावताना लाकडासारखा लागतो. उपाय अगदी साधा आहे. काड्या करंगळीएवढ्या जाड आणि बोटभर लांब कापा आणि थंड पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा. पेशी पाणी ओढून घेतात आणि पुन्हा ताठ होतात. आदल्या रात्री कापलेलं गाजरही असं ठेवलं तर दुसऱ्या संध्याकाळी कडाडून मोडतं. बाहेर काढल्यावर मात्र स्वच्छ फडक्यानं अगदी कोरडं करा. ओल्या काडीला डिप चिकटत नाही, ते घसरून कपड्यांवर पडतं, आणि एकाच्या कपड्यांवर पडलं की बाकीचे त्या ताटाला हात लावायला कचरतात.

काकडीचं उलटं आहे. मीठ लागलं की ती पाणी सोडते. मीठ लावायचंच असेल तर अर्धा तास आधी लावा, सुटलेलं पाणी फेकून द्या आणि काप टिपून घ्या. नाहीतर मीठ डिपमध्येच ठेवा आणि काकडी बिनमिठाची राहू द्या. मधला बियांचा मऊ भाग चमच्यानं खरवडून काढला तर काप जास्त वेळ टिकतात, आणि त्या पन्हाळीत एखादं सारणही भरता येतं.

फरसबी, ब्रोकोली, फ्लॉवर कच्चे ठेवू नका. कच्ची ब्रोकोली फार थोड्या लोकांना मनापासून आवडते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळू द्या, त्यात मीठ घाला, भाजी दीड-दोन मिनिटं सोडा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात काढा. हिरव्या भाजीचा रंग गर्द होतो आणि कच्चा वास जातो, पण कुरकुरीतपणा राहतो. जास्त वेळ उकळलं किंवा लिंबू आधीच पिळलं तर हाच हिरवा रंग मळकट होतो, कारण उष्णतेनं आणि आंबटपणानं हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू सुटून जातो. म्हणून हिरव्या भाजीवर लिंबू वाढायच्या क्षणी पिळायचं.

पौष्टिक म्हणजे तेल नाही, मीठ नाही, काही नाही, असं धरून बरेच जण स्वयंपाक करतात आणि पहिल्या घासालाच पाहुणा गमावतात. मीठ बेतानं असावं, हे खरं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पण जेवढं घालाल तेवढं जिभेला कळलं पाहिजे. मीठ पदार्थाच्या पोटात मुरवण्याऐवजी शेवटी वरून भुरभुरवलं तर थोड्यातही चव येते. त्याच्या जोडीला काहीतरी आंबट हवं, थोडं चांगलं तेल किंवा तीळ-दाण्यांची स्निग्धता हवी आणि दाताखाली काहीतरी मोडायला हवं. या चारांतलं एक जरी राहिलं तरी पदार्थ पथ्याचा लागतो.

डिपवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण भाज्यांचं ताट त्याच्याच जिवावर खपतं. बाजारच्या दह्यात मीठ-मिरपूड घालून ठेवलेलं डिप तासाभरात पाणी सोडतं. त्याऐवजी चक्का करा. एक किलो दही धुतलेल्या सुती कापडात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं ठेवा आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवा. सहा-आठ तासांत साधारण निम्मं वजन उरतं. बोट फिरवलं की खूण तशीच राहते इतकं ते घट्ट हवं. आता लसणाचं. कच्चा लसूण थेट चक्क्यात घातला तर संध्याकाळपर्यंत तो उग्र होतो आणि पाहुणे दोन हात लांब राहून बोलू लागतात. दोन पाकळ्या लिंबाच्या रसातच ठेचा आणि दहा मिनिटं तशाच राहू द्या. लसणाचा झणका तयार करणारं विकर (एन्झाइम) आंबटात दबतं, त्यामुळे चव राहते आणि उग्रपणा जातो. तो रस गाळून चक्क्यात घाला. मीठ, एक मोठा चमचा तेल, भरपूर बारीक चिरलेली हिरवी पानं घालून फेटा. कांदा किंवा काकडी घालायची असेल तर वाढायच्या वेळी घाला. निथळलेलं पाणी टाकू नका, दुसऱ्या दिवशी कणीक भिजवायला किंवा सुपात उत्तम लागतं.

ज्यांना दूध चालत नाही त्यांच्यासाठी दुसरं डिप काबुली चण्याचं करा. २०० ग्रॅम कोरडे चणे रात्रभर भिजवले आणि शिजवले की जवळजवळ अर्धा किलो होतात आणि वीस जणांना पुरतात. शिजवताना चिमूटभर खायचा सोडा घातला की सालं मऊ पडतात. दोन बोटांत दाबल्यावर चणा सहज चिरडला पाहिजे. ‘शिजलाय की’ म्हणून लवकर उतरवला तर डिप रवाळ होतं आणि मग कितीही वाटा, रवा जात नाही. कोमट असतानाच वाटा, त्यात तिळाची पेस्ट, लिंबू, मीठ घाला आणि शेवटी अगदी थंड पाणी चमच्याचमच्यानं घालत फिरवा. रंग उजळतो, पोत लोण्यासारखा होतो.

हेच चणे ओव्हनमध्ये भाजले की तळणीला खरी टक्कर देतात. शिजवलेले चणे फडक्यावर पसरून अर्धा तास वाळवा, थोडं तेल चोळा, २०० अंश सेल्सिअसला तीस ते चाळीस मिनिटं भाजा आणि मधे दोनदा हलवा. मसाला बाहेर काढल्यावर लावा, आधी लावला तर करपतो. एका समारंभाला मी हे चणे दुपारी भाजले आणि गरम असतानाच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून नेले. संध्याकाळी डबा उघडला तर आत सगळे मऊ चामट झालेले. आतली वाफ कोंडली होती, दुसरं काही कारण नव्हतं. तेव्हापासून भाजलेली कुठलीही गोष्ट पूर्ण गार होईपर्यंत मी उघड्या ताटातच ठेवते. मऊ पडलेच तर पुन्हा आठ-दहा मिनिटं गरम ओव्हनमध्ये घातले की बरेच सुधारतात.

पॉपकॉर्न घरी फोडलेला असेल तर तोही चांगला पदार्थ आहे. मका हे अख्खं धान्य आहे आणि फोडायला तेल जेमतेम लागतं. मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून टाका. जाड मीठ तळाशी जाऊन बसतं आणि मग माणूस आणखी मीठ मागतो. उकडलेल्या अंड्यांचे अर्धे भाग, चेरी टोमॅटोला मध्ये चीर देऊन भरलेला चक्का, भाजलेल्या पावाच्या दोन घासांच्या तुकड्यांवर चण्याचं डिप आणि एखादा ताजा काप, हेही हातातले पदार्थ आहेत. पावाचे तुकडे मात्र आयत्या वेळी भरा. डिप लावून ठेवलेला पाव पंधरा-वीस मिनिटांत ओला होतो, उचलताना वाकतो आणि वरचं सगळं खाली पडतं.

तळलेलं अजिबात ठेवू नका, असं मी म्हणणार नाही. एक तळलेला पदार्थ ठेवा, पण सुरुवातीला नाही. लोक आले की भूक सर्वांत जास्त असते. त्या पहिल्या अर्ध्या तासात टेबलावर भाज्या, डिप, चणे, फळं एवढंच असू द्या. भुकेला हात समोर आहे ते घेतो. तळलेलं नंतर, गरमागरम, लहान ताटातून आणा आणि टेबलावर न ठेवता माणसांमधून फिरवा. प्रत्येकाला एक-दोन मिळतात, सगळे खूश होतात आणि भाज्यांची ताटं तोवर रिकामी झालेली असतात. एवढ्या एका बदलानंही तुमच्या गेल्या वेळच्या तक्रारीचा बराच भाग मिटेल.

गोडाबद्दल आणि मधुमेह असलेल्या पाहुण्यांबद्दल थोडं जपून लिहिते. साखरेऐवजी मध घातला की पदार्थ आरोग्यदायी झाला, ही समजूत सोडून द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत मध आणि फळांचा रस दोन्ही ‘मुक्त साखरे’त धरलेले आहेत. दिवसभराच्या एकूण ऊर्जेत या साखरेचा वाटा १० टक्क्यांखाली असावा आणि जमल्यास ५ टक्क्यांखाली, म्हणजे ढोबळमानानं २५ ग्रॅमच्या आत, असं त्या सांगतात. कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्येच जवळपास ३५ ग्रॅम साखर असते. म्हणून साखर कमी करायची असेल तर खाण्याच्या आधी पेल्याकडे बघा. सोड्याच्या पाण्यात लिंबाच्या चकत्या, काकडी, पुदिना, फोडलेली बेरी फळं घालून मोठ्या काचेच्या भांड्यात ठेवलं तर ते दिसायलाही सुंदर असतं आणि सजावटीचं अर्धं काम करतं. गोड म्हणून अख्खी फळं कापून ठेवा, रस नको.

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळी ताटली काढून ‘हे तुमच्यासाठी’ असं सगळ्यांदेखत सांगू नका. त्यांना रोज स्वतःचं सांभाळायचंच असतं, चारचौघांत त्याचा उल्लेख नको असतो. प्रत्येक पदार्थासमोर लहान चिठ्ठी ठेवा: नाव, आणि त्यात काय आहे. दाणे, तीळ, दूध, अंडं, गहू, सोयाबीन, मासे असं काही असेल तर ते ठळक लिहा. ज्याला ॲलर्जी आहे त्याचंही काम होतं आणि कोणाला काही विचारावं लागत नाही. बदाम-अक्रोड-शेंगदाणे कशावरही भुरभुरवू नका. वेगळ्या वाटीत, वेगळ्या चमच्यासकट, टेबलाच्या एका टोकाला ठेवा. आणि निमंत्रण देतानाच विचारून घ्या, ‘काही चालत नाही असं आहे का?’ मी आजही प्रत्येक घराला हे विचारते.

मुलांची गोष्ट त्याहून गंभीर आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष, अख्खा दाणा, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराची जाड चकती अडकू शकते. द्राक्षं आणि चेरी टोमॅटो उभे चार भाग करून ठेवा. आडवे कापलेले अर्धे भाग गोलच राहतात, त्यामुळे धोका फारसा कमी होत नाही. दाणे, भाजलेले चणे आणि पॉपकॉर्न मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. टूथपिक टोचलेले पदार्थ मुलांच्या टेबलावर नकोत. त्यांच्यासाठी बसक्या टेबलावर वेगळं, ओळखीचं, मऊ खाणं ठेवा: केळ्याचे काप, वाफवलेल्या गाजराच्या काड्या, चीजचे पातळ तुकडे, सौम्य डिप. एक वर्षाखालचं बाळ असेल तर त्याला मध अजिबात चाखवू नये, हे कौतुकानं चाखवणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घाला. मोड आलेली कडधान्यं ठेवणार असाल तर सगळ्यांसाठीच वाफवून घ्या. ओल्या उबेत मोड येतात तिथेच जंतूही वाढतात, आणि गरोदर बाई, म्हातारी माणसं, लहान मुलं यांना त्याचा त्रास जास्त होतो.

किती करायचं, याचा माझा हिशेब असा. नंतर जेवण असेल तर माणशी पाच-सहा घास. हेच जेवण असेल तर दहा ते बारा. भाज्या माणशी साधारण १०० ग्रॅम, डिप दोन-तीन मोठे चमचे. पेय पहिल्या तासाला दोन पेले, पुढे तासाला एक. पदार्थ पाचच करा. बारा पदार्थ थोडेथोडे केले की तुम्ही दिवसभर ओट्याशी उभ्या राहता आणि पाहुण्यांपुढे थकलेला चेहरा घेऊन जाता.

आणि सगळं एकदम बाहेर मांडू नका. दह्याचं, अंड्याचं, शिजवलेलं, कापलेलं खाणं बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. प्रत्येक पदार्थाची दोन लहान ताटं भरा, एक बाहेर आणि एक फ्रीजमध्ये. पहिलं निम्म्यावर आलं की उचला आणि दुसरं ठेवा. अर्धवट ताटात वरून भर घालू नका, जुनं तळाशी राहतं. सुरक्षेचा मुद्दा तर आहेच, पण ताज्या भरलेल्या ताटाकडे हात जातात. अर्धवट ओरबाडलेल्या मोठ्या ताटाकडे कोणी वळत नाही.

आता टेबल. बहुतेक घरांत आधी फुलं, मेणबत्त्या, माळा, झिरमिळ्या मांडल्या जातात आणि उरलेल्या फटीत खाणं कोंबलं जातं. तुमचंही तेच झालं असणार. क्रम उलटा करा. आदल्या संध्याकाळी सगळी रिकामी ताटं, वाट्या, पाण्याचं भांडं टेबलावर मांडा आणि प्रत्येकात कागदाची चिठ्ठी टाका: इथे चणे, इथे चक्का. ताटल्यांची चळत एका टोकाला. रुमाल आणि काटे-चमचे दुसऱ्या टोकाला, कारण ते आधी उचलले तर वाढून घ्यायला हात उरत नाही. प्रत्येक ताटाच्या पुढे तळहाताएवढी मोकळी जागा सोडा, पेला टेकवण्यासाठी. ही जागा कोणी सोडत नाही, आणि म्हणूनच पाहुणे पेला सांभाळत उपाशी उभे राहतात. एवढं झाल्यावर जी जागा उरेल तेवढीच सजावटीची.

ती जागा कमी वाटली तरी पुरते, कारण सजावट वरच्या दिशेनं नेता येते. दोन-तीन पालथी पातेली किंवा भक्कम डबे टेबलावर ठेवा, त्यांवर कापड पसरा, चुण्या हातानं नीट बसवा आणि त्या चढांवर ताटं ठेवा. मागची ताटं उंच, पुढची बुटकी. टेबल एकदम भरलेलं दिसतं आणि मागच्या ताटापर्यंत हात पोचतो. ठेवल्यावर ताट हलवून बघा, डुगडुगत असेल तर खालचं भांडं बदला. आंबट डिप मात्र कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आंबटाने धातू खाण्यात उतरतो. जुनं सुंदर भांडं मिरवायचंच असेल तर त्यात काचेची वाटी बसवा.

कापड टेबलाच्या प्रत्येक बाजूनं २० ते ३० सेंटिमीटर लोंबलं की नीटस दिसतं. १८० बाय ९० सेंटिमीटरच्या टेबलाला २३० बाय १४० चं कापड बरोबर बसतं. मुलं असतील तर त्याहून लांब नको, ओढलं जातं. रंगांबाबत माझं मत पक्कं आहे: कापड आणि भांडी शांत ठेवा, पांढरी किंवा मातकट, आणि रंग खाण्याला दाखवू द्या. गाजराचा केशरी, मुळ्याचा गुलाबी, हिरवी पानं, डाळिंबाचे दाणे. याच्यापुढे छापील कागदी झालर फिकीच पडते. सजावटीला एकच रंग निवडा आणि तो तीन ठिकाणी येऊ द्या: फुलांत, रुमालात, चिठ्ठ्यांच्या कडेला. झिरमिळ्या, चमकी, सुटे मणी खाण्याच्या टेबलावर नकोच. पाकिटावर ‘बिनविषारी’ लिहिलेलं असलं म्हणून चमकी खाण्यायोग्य होत नाही, आणि ती उडून डिपमध्येच जाते.

लोक बसून खाणार असतील तर फुलांची उंची कोपरानं मोजा. कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा. फुलं मनगटाच्या खाली राहिली पाहिजेत, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरच्या आत, नाहीतर समोरासमोर बसलेली दोन माणसं फुलांच्या आडून मान काढून बोलतात. माणशी ६० सेंटिमीटर कड सोडा. फुलं आदल्या दिवशी आणा, देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा. आणि रात्री ती फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिकणारी केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात आणि त्यानं फुलं, विशेषतः कार्नेशन, लवकर माना टाकतात. एका घरी आदल्या रात्री फ्रीजमध्ये सफरचंदांशेजारी ठेवलेला अख्खा गुच्छ सकाळी मिटलेला निघाला. घरच्या लोकांना वाटलं फुलंच शिळी मिळाली. मी पुढच्या वेळी तीच फुलं वेगळ्या खोलीत, गार कोपऱ्यात ठेवली, ती तीन दिवस टिकली.

फुलवाल्याकडची फुलं खाण्यावर ठेवू नका, त्यांवर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं. कण्हेर तर टेबलाच्या जवळपासही नको, तिचं पान, फूल, देठ सगळंच विषारी आहे. घरात मांजर असेल तर लिली आणू नका. रोझमेरी, पुदिना, तुळशीच्या जातीची वासाची पानं यांच्या जुड्या पाण्याच्या पेल्यांत उभ्या केल्या तर सजावटही होते आणि त्यांतलीच पानं खुडून खाण्यावर घालता येतात. मला स्वतःला कुठल्याही महागड्या गुच्छापेक्षा हेच टेबल जास्त आवडतं.

मेणबत्त्या खाण्याजवळ बिनवासाच्याच हव्यात. सुगंधी मेणबत्तीचा वास पदार्थाच्या वासावर बसतो आणि लसणाचं डिप व्हॅनिलासारखं लागायला लागतं. कापड, कागद, सुकी पानं ज्योतीपासून किमान ३० सेंटिमीटर लांब. वात पेटवण्याआधी ६ मिलिमीटरपर्यंत छाटली की धूर आणि काजळी कमी होते. ज्या ताटासाठी ज्योतीवरून हात न्यावा लागेल ते ताट तिथे नको, मोठ्या बाह्यांचे कपडे घातलेली माणसं येणार आहेत. मुलं धावणार असतील तर मेणबत्त्या काचेच्या आत, आणि त्याही उंच कपाटावर. दिव्यांपैकी पांढरे थंड दिवे बंद करा. पिवळसर, २७०० केल्व्हिनच्या (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगछटेचं माप) दिव्यांत फळं आणि भाजलेले पदार्थ भूक चाळवतात. निळसर उजेडात तेच खाणं करडं, शिळं दिसतं. पुष्कळदा खाणं उरतं त्याला डोक्यावरची ट्यूब जबाबदार असते.

टेबल भिंतीला चिकटवून ठेवू नका. दोन्ही बाजूंनी फिरता आलं की रांग लागत नाही. पेयं दुसऱ्या टेबलावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे घोळका दोन ठिकाणी वाटला जातो. टूथपिक, बिया, वापरलेले रुमाल टाकायला दोन रिकाम्या वाट्या दिसतील अशा ठेवा आणि त्यांत आधीच तुम्हीच एकेक टूथपिक टाकून ठेवा. रिकामी वाटी कशासाठी आहे ते कोणाला कळत नाही, मग काड्या कुंड्यांत आणि खिडकीत सापडतात.

कामाची विभागणी थोडक्यात: दोन दिवस आधी डिपचे आणि भाजायचे असे दोन्ही मिळून चणे भिजवा. आदल्या दिवशी ते शिजवा, डिपचे वाटा, दही बांधा, गाजर पाण्यात ठेवा, टेबल रिकाम्या ताटांनी मांडा. त्या दिवशी सकाळी उरलेले चणे भाजा, ब्रोकोली उकळा. फळं शेवटच्या तासात कापा. सफरचंद लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढलं तर काळं पडत नाही. तळलेल्याची तयारी करून ठेवा, पण कढई पाहुणे बसल्यावरच तापवा.

आणि पाहुणे यायच्या पंधरा मिनिटं आधी, सगळं मांडून झालं की, एका हातात पाण्यानं भरलेला पेला घ्या आणि टेबलाभोवती एक फेरी मारा. प्रत्येक पदार्थ एकाच हातानं उचलून खाऊन बघा. जिथे पेला टेकवावा लागला, जिथे काही ठिबकलं, जिथे बाही फुलाला अडकली, तिथली वस्तू सरकवा किंवा उचलून आत नेऊन ठेवा.